खलनायकाची सकाळ

कुरखेड्याच्या बसस्टँडसमोर नंदिनीबाई रामटेकेंची लॅब आहे. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज, एक मशीन, एक खुर्ची आणि नंदिनीबाई. यातलं मशीन आणि फ्रीज अधूनमधून बिघडतात. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. नंदिनीबाई मात्र अठ्ठावीस वर्षांत एक दिवस बंद पडलेल्या नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोला सकाळी फूल वाहिलं की त्या पांढरा कोट चढवतात आणि सात वाजता दार उघडतात. दारावर पाटी आहे : ‘रक्त तपासणी सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी यावे.’

सुई टोचण्याआधी बाई प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतात. आमदाराचा माणूस असो की आठवडी बाजारातला भाजीवाला, प्रश्न तेच.

“झोप झाली का? काय खाल्लं? कोनाशी भांडून आले?”

तिसरा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नाही. पण भांडून आलेला माणूस सुई आत असताना हात हलवतो आणि भांडणाचा दुसरा अंक बाईंना ऐकवतो, हा त्यांचा अनुभव. पहिल्या दोन प्रश्नांवर त्यांची भिस्त होती. “रक्त खोटं बोलत नाई,” त्या म्हणायच्या, “पन त्याले भलत्या वेळी बोलावलं तर भलतंच बोलते.”

अलीकडे गावात एक नवीन तपासणी आली होती, टेस्टोस्टेरॉनची. पुरुषमाणसं ती मागायला यायची तेव्हा आधी औषधाचं दुकान बघायची, मग आकाश बघायची, मग पाटी वाचायची आणि शेवटी कानात सांगितल्यासारखं म्हणायची, “बाई, थे... मर्दानीवाली.” पहिल्या पहिल्यांदा बाई सवयीने ओरडायच्या, “टेस्टोस्टेरॉन ना? बसा!” तेव्हा बसस्टँडवरची वडशाची गाडी पकडायला निघालेली माणसं थांबून बघायची आणि गिऱ्हाईक त्याच गाडीत चढून पसार व्हायचं. दोन गिऱ्हाइकं अशी गेल्यावर बाईंनी आवाज खाली आणला. त्यांना ते सोपं नव्हतं.

बाईंना एकच व्यसन, झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचं नाटक. दिवाळी झाली की होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. रात्री दहाला पडदा उघडतो आणि दिवस उगवताना पडतो. बाई महिन्यातून एक प्रयोग बघायच्या, तोही दुसऱ्या दिवशी लॅबला सुटी असेल तेव्हाच. पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसायच्या आणि खलनायक आला की सगळ्यांच्या आधी शिवी हासडायच्या. तो खलनायक म्हणजे डोमाजी दोनाडकर.

डोमाजी चौतीस वर्षांचा, अठ्ठ्याण्णव किलोंचा. मिशी काजळाने कानापर्यंत ओढलेली, आणि हसणं असं की मागच्या रांगेतली झोपलेली पोरं रडत उठायची. एकदा धुरपता नावाच्या म्हातारीने भर नाटकात स्टेजवर चप्पल भिरकावली होती. ती चप्पल डोमाजीने घरी आणून आरशाच्या खाली खिळ्याला टांगली. बक्षीस म्हणून. प्रत्यक्षात हा माणूस इतका गरीब की घरच्या कोंबडीलाही ‘बाजूला हो ना बाई’ म्हणायचा.

डिसेंबरात एके दिवशी संध्याकाळी पाचला डोमाजी लॅबमध्ये आला. हातात रुमालाची पुरचुंडी होती.

“झोप झाली का?” बाईंनी सुरू केलं.

“झाली.”

“काय खाल्लं?”

“पोहे.”

“कोनाशी भांडून आले?”

“भांडाची ताकदच नाई राह्यली बाई. तेच सांगाले आलो.”

त्याने दार लोटलं आणि पुरचुंडी सोडली. आत एक इंजेक्शनची बाटली आणि चार घड्या पडलेला रिपोर्ट. रिपोर्टवर दोन आकडे : एकूण टेस्टोस्टेरॉन दोनशे पाच, आणि खाली मुक्त टेस्टोस्टेरॉन. दोन्हींपुढे खाली जाणारे लाल बाण.

“तिसऱ्या अंकात आवाज फाटते,” डोमाजी म्हणाला. “अंगात जीव नाई वाटत. लगनाले चार वर्सं झाली, घरात लेकरू नाई. मंग आदेश म्हनला, डोमाभाऊ, तपासून पाहा.”

आदेश म्हणजे त्याच कंपनीचा हिरो. वय सव्वीस, दंड डोमाजीच्या मांडीएवढे. प्रयोग संपवून गाडी परत येत असताना वाटेतल्या एका गावी सकाळी आठला त्याने डोमाजीला लॅबमध्ये नेलं होतं, आणि बाण खाली आलेले पाहून स्वतः घेतो तीच बाटली आणून दिली होती.

“सुई टोचाले आदेशचा हात जड हाय,” डोमाजी म्हणाला. “तुमचा हलका हाय म्हनते. एवढी टोचून द्या.”

बाईंनी बाटली उचलली, लेबल वाचलं आणि टेबलावर ठेवली. डोमाजीपासून लांब.

“डोमाजी, लेकरू पाह्यजे ना तुमाले?”

“त्याच्यासाठीच तं.”

“मंग हे घेऊ नका. बाहेरून माल येऊन राह्यला म्हनल्यावर आतला कारखाना बंद पडते. बीजच तयार होत नाई. तुमी लेकरासाठी सुई घ्याल आन् त्याच सुईनं लेकराचा रस्ता बंद कराल.”

डोमाजी टेबलावरच्या बाटलीकडे बघू लागला. स्टेजवर त्याने चार वेळा विष घेतलं होतं, पण तेव्हा ते विष आहे हे त्याला आधीपासून माहीत असायचं.

“पन बाण तं खालीच हाय ना बाई.”

“एका रिपोर्टवर इथी कोनी ठरवत नाई. दोनदा पाहावं लागते. सकाळच्या वेळी, उपाशीपोटी. परवा आठ वाजता या.”

“आन् दुसराबी खालीच आला तर?”

“तर डॉक्टर हर्षामॅडमकडं जा, त्या काय म्हनते थे पाहा.”

“मॅडमकडं मी नाई जानार,” डोमाजी घाईने म्हणाला. “लेडीज हायेत त्या.”

“मी कोन हाय मंग?”

“तुमी बाई हा,” डोमाजी म्हणाला. त्याच्या दृष्टीने हा खुलासा पूर्ण होता. “दुसरा खाली आला तर मी आदेशकडून टोचून घेईन. तुमी काही बोलाचं नाई. शब्द द्या.”

दुसरा खाली येणार नाही, अशी बाईंना का कोण जाणे खात्री वाटली. त्यांनी शब्द दिला. डोमाजीने बाटली पुन्हा रुमालात बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला डोमाजी आला तेव्हा बसस्टँडवर धमाल उडाली. तो थेट प्रयोगावरून आला होता. मिशी कानापर्यंत, डोळ्यांखाली काळं, कपाळावर लाल जखम. वडशाच्या गाडीच्या कंडक्टरने गाडी पाच मिनिटं थांबवून सेल्फी काढला. लॅबमध्ये शुगर तपासायला आलेल्या दोन बायकांनी आधी शिव्या दिल्या, मग नमस्कार केला. नंदिनीबाईंनी तर हसून हसून डोळे पुसले.

“उपाशी हा ना?”

“पान्याचा घोट नाई घेतला बाई,” खलनायक आज्ञाधारकपणे म्हणाला.

त्याने डोळे गच्च मिटले, चेहरा खुर्चीच्या दुसऱ्या हातावर दाबला आणि दंड पुढे केला.

“झालं का?”

“अजून कापूसबी नाई लावला.”

या सगळ्या हसण्याखिदळण्यात अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंचा पहिला प्रश्न विचारायचा राहून गेला.

रिपोर्ट नागपूरहून चार दिवसांनी आला. एकशे अठ्ठ्याण्णव. बाण खाली.

बाईंनी संध्याकाळी, कंपनीची गाडी निघायच्या आत, फोन केला. पलीकडे कोणीतरी ढोलकी लावत होतं.

“ठीक हाय बाई,” डोमाजी म्हणाला. “तुमी शब्द देल्ला होता. उद्या चार वाजता आदेश घरी येनार हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बाई खुर्ची पुसत बसल्या होत्या. खुर्चीच्या हातावर डोमाजीच्या मिशीचा काळा डाग होता. पाच दिवस त्या तो स्पिरिटने घासत होत्या, आणि तो काही जात नव्हता. काय रंग लावतात मेले, त्या मनात म्हणाल्या. पुसून तरी यायचं. पण पुसणार कधी, नाटक सहाला संपलं, तो आठला इथं...

बाईंच्या हातातला बोळा थांबला.

म्हणजे तो झोपला कधी?

नोव्हेंबरपासून हा माणूस सकाळी नऊला झोपतो आणि दुपारी साडेतीनला उठतो. सकाळी आठला त्याची सकाळ नसते, झोपायला जायची रात्र असते. पहिल्या लॅबनं घड्याळ पाहून रक्त घेतलं, आणि आपण? आपल्यासमोर तर तो तोंडावर रात्र फासून बसला होता. सगळ्या कुरखेड्याने ती पाहिली, तिच्यासोबत फोटो काढले, आणि कोणालाच ती दिसली नाही.

त्यांनी डॉक्टर हर्षामॅडमना फोन लावला. मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण ज्ञानाला वय नसतं यावर बाईंचा विश्वास होता.

“बरोबर पकडलंत बाई,” मॅडम म्हणाल्या. “हे हार्मोन झोपेच्या मागे चालतं. झोपेत वाढतं आणि उठताना सगळ्यात जास्त असतं. रात्री काम करणाऱ्याचं रक्त तो उठल्यावर घ्यायचं. आणि तुमचा खलनायक जाड आहे ना? मग नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका. सोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या दोन प्रथिनांची तपासणीही पाठवा. मुक्त भाग त्यावरून हिशोबाने काढू. त्या पहिल्या रिपोर्टात किटने थेट काढलेला मुक्त आकडा आहे, त्याचा फारसा भरवसा नसतो.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. दीड. त्यांनी लॅबला कुलूप लावलं. समोरचा पानवाला धावत आला, “बाई, कोन वारलं?” कामाच्या दिवशी दिवसाढवळ्या या दाराला कुलूप त्याने पाहिलंच नव्हतं. बाईंनी बर्फाचा डबा स्कूटीच्या पुढे ठेवला आणि नऊ किलोमीटरवरच्या डोमाजीच्या गावाकडे सुटल्या.

अंगणात डोमाजीची बायको साधना धान पाखडत होती. घरातून घोरण्याचा आवाज येत होता, तोही नाटकी, चढउतारांचा.

“अवो बाई, तुमी? उठवू का त्यायले?”

“खबरदार!” बाई कुजबुजल्या. “आपसूक उठू दे. काय खाल्लं सकाळी?”

“आठ वाजता एक भाकर आन् भाजी. तवापासून काहीच नाई.”

“झकास!” बाईंनी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि बसल्या. दारात एक कोंबडी कॉक कॉक करत आली. बाईंनी तिला सुपाने हाकललं. शेजारच्या घरात रेडिओ सुरू झाला, तो साधनाने जाऊन बंद करवला. दोन बाया एका खलनायकाच्या झोपेची अशी राखण करत बसल्या, की घरात कोणी बाळंतीण आहे असं वाटावं.

साडेतीनला आदेशची मोटरसायकल आली. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. आदेश उंबऱ्यातच थबकला. त्याच्या खिशातून सिरिंजचं टोक दिसत होतं.

“तुमी इथी काऊन?” त्याने हळूच विचारलं.

“तू काऊन?”

“डोमाभाऊले टोचाले.”

“मीबी त्यालेच टोचाले आली. पन मी काढाले आली, घालाले नाई. बस तिथी.”

आदेश एवढ्या दंडांचा, पण बसला. बाईंनी त्याला लहानपणी पोलिओचा डोस पाजला होता, आणि हे दोघांनाही आठवत होतं.

तीन चाळीसला घोरणं थांबलं. डोमाजीने डोळे उघडले. एका बाजूला सुई घेऊन बाई, दुसऱ्या बाजूला सुई घेऊन आदेश, आणि पायाशी सूप घेऊन बायको.

“मेलो का मी?” त्याने विचारलं.

“उठा. आता तुमची सकाळ झाली,” बाई म्हणाल्या. “दंड पुढं करा.”

डोमाजी उठून बसला. सगळं ऐकून घेतलं, आणि मग पहिल्यांदाच त्याचा स्टेजवरचा आवाज घरात निघाला.

“बाई, तुमी शब्द देल्ला होता! दुसरा खाली आला तर मधात येनार नाई म्हनून!”

“देल्ला होता. आता तोडून राह्यली,” बाई म्हणाल्या. “चूक माही होती डोमाजी. तुमच्या रक्ताची नाई. तोंडावर रंग दिसला, मी हासली, पन झोपले का म्हनून विचारलं नाई. दोन्ही रिपोर्ट बिनझोपेचे हायेत. दोन चुका मिळून एक बरोबर होत नाई.”

“पन मुक्त का काय थे बी खाली होतं,” आदेश मध्येच म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग डोमाजीकडे. नाटकवाल्यांना नाटकाचंच सांगावं लागतं.

“आदेश, तुमच्या वडशात कलाकार किती असतील?”

“हजारेक असन.”

“आन् आज कोनी नवीन नाटक लावाचं म्हनलं तर हजारच्या हजार येनार का?”

“कसे येनार? बाकीच्यायचे करार झालेले असते. काही जन नुसत्या तोंडी शब्दावर असते, थे फुटू शकते. अगदी मोकळे म्हनशान तं वीस-पंचवीस.”

“झालं तर. रक्तातबी तसंच हाय. एसएचबीजी नावाचं एक प्रथिन हाय, थे पक्का करार करते, सोडतच नाई. अल्ब्युमिन नुसतं तोंडी बांधते. आन् मोकळे फिरते थे शंभरात दोन-तीन, कामाले येते तेच जास्त करून. आता जाड मान्साच्या रक्तात करार करनारी कंपनीच लहान असते. म्हनून एकूण माल कमी दिसते. पन मोकळे किती हायेत थे मोजल्याबिगर कसं म्हनाचं का नाटक बंद पडलं?”

डोमाजीने आदेशकडे पाहिलं. आदेश सिरिंजकडे बघत होता. बाहेर लांबून कंपनीच्या गाडीचा भोंगा वाजला, ती गावातल्या ढोलकीवाल्याला घ्यायला आली होती.

“किती दिवस लागन रिपोर्टले?” डोमाजीने विचारलं.

“चार.”

“आन् चार दिवस मी थेच मेल्यासारखं नाटक करू?”

साधनाने सूप खाली ठेवलं.

“चार वर्सं थांबलो आपन,” ती म्हणाली. “लोकायचं आयकत थांबलो. चार दिवस तुमच्यानं निघत नाई का? मले तुमचा आवाज फाटला तरी चालते. पन त्या बाटलीनं उद्या काही बिघडलं तर मी कोनाकडं पाहू?”

डोमाजीने डोळे गच्च मिटले, तोंड भिंतीकडे वळवलं आणि दंड पुढे केला. बाईंकडे.

“झालं का?”

“कापूस तं लावू द्या.”

चार दिवसांनी आकडे आले. एकूण तीनशे अठरा, म्हणजे अगदी काठावर. एसएचबीजी चौदा, कमी. अल्ब्युमिन ठीक. हर्षामॅडमनी गणित मांडलं आणि मुक्त भाग काढला. तो दहापट बारीक मापात मोजतात, त्या मापात त्र्याण्णव, चांगला हद्दीच्या आत. पण एका रिपोर्टवर इथं कोणी ठरवत नाही, हे बाईंचंच वाक्य मॅडमनी बाईंना ऐकवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा डोमाजीच्या सकाळी, पुन्हा झोपेच्या पहाऱ्यानंतर, रक्त काढलं. आकडे मागच्यासारखेच निघाले.

आता डोमाजी मॅडमसमोर बसला होता. लाजून खुर्चीच्या टोकावर, साधनाच्या अर्धा मागे.

“हार्मोनची सुई तुम्हाला लागत नाही,” मॅडम म्हणाल्या. “थकवा आहे तो झोपेचा आणि वजनाचा. दिवसाची झोप तुटू देऊ नका, खिडकीला जाड पडदा लावा. घोरता म्हणतात, तेही बघू. दहा किलो कमी करा. बाळासाठी तुमची वेगळी तपासणी असते, ती करू. आणि साधनाताईंचीही. दोघांची, बरं का.”

डोमाजीने रिपोर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“बाणच नाई,” तो म्हणाला. “वर जानारा एखादा नाई का देत?”

“काहीच बाण नसणं सगळ्यात चांगलं असतं,” मॅडम म्हणाल्या.

डोमाजीला ते पटलं, पण समाधान झालं नाही. आदेशला दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. लॅबवर परत येऊन त्याने खिशातून ती बाटली काढली आणि बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती औषधाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आवाज एवढासाच झाला. डोमाजी तो ऐकत उभा राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, “बाई, पुढच्या नाटकाले या. पयली शिवी तुमचीच पाह्यजे.”

आठ दिवसांनी आदेशही आला. आधी औषधाचं दुकान पाहिलं, मग आकाश पाहिलं, मग पाटी. बाईंनी त्याला काही बोलायला लावलं नाही. स्कूटीवर मागे बसवून सरळ हर्षामॅडमकडे नेलं.

बाईंच्या प्रश्नांत आता एक वाढला आहे : “उठले कवा?” पाटीवरही त्यांनी खडूने खाली लिहिलं : ‘नाटकवाले, शेतावरचे जागलीवाले, रात्रपाळीवाले यांनी आपापल्या सकाळी यावे.’ त्याचा परिणाम असा की, बसस्टँडवरचे जे लोक सूर्योदयालाच चहाच्या टपरीवर दिसतात, तेही आता दुपारी दीडला शुगर तपासायला येतात आणि डोळे चोळत म्हणतात, “बाई, आताच उठून राह्यलो.” बाई त्यांना हाकलतात. पण पाटी पुसत नाहीत.

होळीनंतर नाटकांचा हंगाम संपला. एके दिवशी सकाळी आठला, सगळ्या जगाच्या सकाळी, डोमाजी लॅबमध्ये आला. मिशी खरी, आपल्याच मापाची. सात किलो उतरलेले, म्हणून मॅडमनी पुन्हा तपासणी सांगितली होती.

“झोप झाली का?” बाईंनी विचारलं.

“झाली.”

“उठले कवा?”

“सहाले. लोकायसारखा.”

“काय खाल्लं?”

“काहीच नाई.”

“कोनाशी भांडून आले?”

एवढा मोठा खलनायक खुर्चीत चुळबुळला.

“साधनाशी.”

“काऊन?”

“थे म्हनते पोरगी झाली तं हर्षा नाव ठेवू. मी म्हनतो नंदिनी.”

बाईंच्या हातातली सुई थांबली. “म्हंजे? काही हाय का?”

“अजून कशात काही नाई बाई,” डोमाजी घाईने म्हणाला. “तपासन्या दोघायच्या बऱ्या आल्या, येवढंच. पन भांडन तं सुरू झालं ना?”

त्याने डोळे गच्च मिटले आणि दंड पुढे केला. बाई पदराने नाक पुसत होत्या, त्यामुळे कापूस लावायला त्यांना थोडा उशीर झाला.